जज्जसाहेबांचं जेवण

"गेला तो," व्हर्ना म्हणाली. तिने खोक्यावर चिकटपट्टी ओढली, दातांनी तोडली आणि माझ्याकडे न बघता पुढचं खोकं घेतलं. "सकाळी आले तर तळाशी आडवा पडलेला. टाकला खाडीत. म्हटलं, तुला बघायला नको."

मी दारातच उभी राहिले. हातात शिंपल्यांची पिशवी होती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. ओहोटी गाठून धक्क्याच्या खांबांवरून खरवडून आणलेले शिंपले, खास त्याच्यासाठी.

"काल तर शिंपल्याला तोंड लावलं होतं त्याने," मी म्हणाले.

"लावलं असेल. तोंड लावणं म्हणजे खाणं नव्हे, हे तूच सांगत असतेस ना सगळ्यांना?"

माझंच वाक्य तिने माझ्या तोंडावर मारलं. पिशवी सिंकमध्ये ठेवली आणि त्याची रिकामी टाकी पुसायला घेतली. पुसता पुसता रडले. माशासाठी रडणारी बाई म्हणून हसायचं त्याने खुशाल हसावं.

तो म्हणजे जज्जसाहेब. कॉपरबँड जातीचा मासा, पांढऱ्या अंगावर उभे तांबूस पट्टे आणि चिमट्यासारखं लांब, निमुळतं तोंड. समोर काहीही टाका, हा दोन वीत अंतरावर येऊन थांबणार, नाकावरून खाली बघणार आणि अर्ज फेटाळून निघून जाणार. म्हणून जज्जसाहेब. पाठीच्या पराला एक खाच होती आणि तिसरा पट्टा खाली पोटाशी येऊन दुभंगलेला. असा पट्टा मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर पाहिलेला नाही.

केर्न्सच्या बंदरामागे, होड्या दुरुस्त करतात त्या रस्त्याला आमची शेड आहे. वडिलांची होती, आता आम्हा दोघी बहिणींची. व्हर्ना मोठी. फोन, गिऱ्हाईक, पॅकिंग, विमानतळ, सगळं तिच्याकडे. माझ्याकडे मासे. पाणबुडे जाळ्यात धरून आणतात, आम्ही ठेवतो, मग ते दुकानांत आणि लोकांच्या दिवाणखान्यांत जातात. मधे एकच काम असतं, पण ते जिवावरचं असतं. समुद्रात जन्मभर जिवंत टिपत हिंडलेल्या प्राण्याला, बर्फातला मेलेला जवळा म्हणजे अन्न आहे, हे पटवायचं. काही मेले इतके हावरे की दुसऱ्याच दिवशी बोटाला झोंबतात. कॉपरबँड मात्र उपाशी मरेल पण हट्ट सोडणार नाही.

त्याला फसवून चालत नाही, समजूत काढावी लागते. आधी जिवंत शिंपला उघडून तसाच ठेवायचा. तो टिपायला लागला की मेलेला शिंपला. मग त्याच शिंपल्यात जवळा ठेचून भरायचा. मग शिंपला रिकामा आणि जवळा बाजूला. मग शिंपला काढूनच घ्यायचा आणि जवळा पाण्यात सोडायचा. एकेका पायरीला आठवडा जातो, आणि एक पायरी गाळलीत की पुन्हा पहिल्यापासून. टाकीवर फडकं टाका, दार आपटू नका, मोठ्याने बोलू नका. व्हर्ना म्हणायची, "तुझ्या नवऱ्याचे एवढे लाड केले असतेस तर पळाला नसता." मी म्हणायचे, "तो मासा असता तर केले असते."

आणि जो मासा माझ्यासमोर, पाण्यात तरंगणारं मेलेलं अन्न, ओळीने काही दिवस खाईल, त्याच्या टाकीच्या कडेला मी निळा चिमटा लावायची. कपडे वाळत घालतो तसला साधा चिमटा. वडिलांनी घालून दिलेला नियम. चिमटा असेल तरच मासा शेडबाहेर जायचा, आणि चिमटा लावणार मी एकटी. खाली सिडनीपर्यंत दुकानदार फोनवर एवढंच विचारत, "चिमटा लागलाय का?" लागलाय म्हटलं की पैसे पाठवून मोकळे. माझा शब्द होता तो. मला दुसरं काही फारसं येत नाही, हे एक येत होतं.

त्या वर्षी मात्र काय झालं कोण जाणे, माझे मासे मरायला लागले. बाकीचे धडधाकट, नेमके कॉपरबँड. शिंपल्यावर आले, आता पुढची पायरी चढतील असं वाटावं आणि मी सकाळी ओहोटीला धक्क्यावर जाऊन परत यावं तर टाकी रिकामी. जज्जसाहेबांच्या आधी तिघं गेले, नंतर दोघं.

मी पाणी तपासलं, नळ्या बदलल्या, साबण बदलला. हाताला लावायचं मलम सोडलं, म्हटलं त्याचा अंश जात असेल. काही उपयोग नाही.

एका दुपारी व्हर्नाने चहा केला, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक आणले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ग्लेन, वाईट वाटून घेऊ नकोस. माझे गुडघे गेले, तुझा हात गेला. वय कुणाला चुकलंय?"

"हात कसा जाईल गं?"

"जातो. बाबांचा नव्हता गेला शेवटी?"

मी केक खाल्ला. खरंच वाटलं मला. वडिलांचा हात शेवटी थरथरायचा, मासे बुजायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग मी रोज सकाळी आपला हात टाकीवर धरून बघायला लागले, थरथरतो का म्हणून. नवीन कॉपरबँड आला की वाटायचं, आता हाही आपल्यापायी मरणार. मरीबा गावात एका मैत्रिणीची रोपवाटिका आहे. तिला विचारून ठेवलं होतं की पावसाळा संपला की येऊ का, झाडं काही मरत नाहीत एवढी. ती हो म्हणाली होती.

अशात एक दिवस सांते बेर्तोलीनी आले.

इनिसफेलकडचे उसाचे शेतकरी, सत्तरीचे, इस्त्रीचा सदरा. गाडीच्या पुढच्या सीटवर झाकणाची बादली, तिला सीटचा पट्टा बांधलेला. बादलीत हवेची नळी आणि तिचा पंप त्यांच्या खिशात घुरघुरत होता. दारात टोपी काढून म्हणाले, "ग्लेनिसबाई तुम्हीच का?"

"मीच. काय आणलंय?"

"तुमचाच मासा आहे. जेवत नाही."

मी तेव्हा कुणाशी नीट बोलायच्या मनःस्थितीत नव्हते. "आमचा मासा जेवत नाही असं होत नाही," मी म्हणाले. "पाणी खारं किती ठेवता? टाकीत दुसरं कोण आहे? छळतंय का कुणी?"

त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली, आणि सगळी बरोबर. टाकी जुनी, पाणी चांगलं, बाकीचे मासे गरीब. टाकीतल्या दगडांवर ती काचेसारखी पारदर्शक समुद्रफुलं माजली होती, दिसायला फुलं पण असतात जिवंत प्राणी, उपटली की दुप्पट होतात. ती हा मासा खातो असं कुणी सांगितलं म्हणून त्यांनी कॉपरबँड नेला होता.

"फुलं खाल्ली त्याने. बरीचशी संपवली. मग बंद," सांते म्हणाले. "जवळा दिला, कोळंबी दिली, कालवं दिली. बायको म्हणाली लझान्या देऊन बघा. हसू नका, तिने खरंच आणला होता चमच्यात. बाई, आमच्या घरात आजवर कुणी जेवणाला नाही म्हटलेलं नाही. पाद्रीसुद्धा दोनदा घेतो. ती रोज संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसते. म्हणते, आपलंच काहीतरी चुकतंय."

तिची मला इतकी दया आली की आवाज खाली आला. "बघू," म्हटलं आणि झाकण उघडलं.

वरून माशाची पाठच दिसते. डोक्यामागे पाठ आत ओढली होती, चाकूच्या धारेएवढी उरली होती. उपासाची खूण आहे ती. मग तो वळला. पाठीच्या पराला खाच. तिसरा पट्टा खाली दुभंगलेला.

मी झाकण पुन्हा लावलं. का लावलं माहीत नाही. पुन्हा उघडलं. तो तसाच नाकावरून माझ्याकडे बघत होता.

"हा कुठून घेतलात तुम्ही?"

"इथूनच की. त्या ऑफिसातल्या बाईंनी दिला. तुम्ही धक्क्यावर गेला होतात म्हणाल्या." सांतेंनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "मी विचारलं होतं, खातो ना? त्यांनी टाकीवरचा निळा चिमटा दाखवला. म्हणाल्या, ग्लेनिसने लावलाय. वर खाऊनही दाखवलं. गपागप खात होता."

"काय खात होता?"

त्यांनी बादलीकडे बघितलं. मग म्हणाले, "ते नाही विचारलं. चिमटा होता ना. मग कशाला विचारू?"

मला हेही कळलं की त्यांच्या जागी कुणीही विचारलं नसतं. मीच इतकी वर्षं लोकांना न विचारायची सवय लावली होती.

मी त्यांना सांगितलं, मासा ठेवून जा. ते म्हणाले, "आमचं काही चुकलं का?" मी म्हणाले, "नाही. तुमच्या बायकोला सांगा, तिचं काहीही चुकलं नाही. हे आधी सांगा, घरी पोचल्याबरोबर." बादली कोपऱ्यातल्या टाकीजवळ ठेवली, माशाला पाण्याची सवय व्हावी म्हणून तिच्यात टाकीचं पाणी थेंब थेंब पडेल अशी नळी लावली. हात थरथरत नव्हता. हे माझ्या लक्षात आलं आणि तेव्हा मला पहिल्यांदा खरा राग आला.

व्हर्ना पॅकिंगच्या टेबलाशी पिशव्यांमध्ये प्राणवायू भरत होती.

"जज्जसाहेब आलेत," मी म्हणाले.

तिने पिशवीला पीळ दिला, रबर लावलं, पिशवी ठेवली. "कोण?"

"तू खाडीत टाकलास तो."

खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही तिने. केला असता तर बरं वाटलं असतं. स्टुलावर बसली आणि गुडघा चोळायला लागली.

"तो खात होता, ग्लेन. जिवंत काळे किडे टाकले की सगळे खातात. माणसांसमोर टाकले, त्यांनी बघितलं, त्यांनी नेलं. यात खोटं काय आहे?"

"माझा चिमटा लावून?"

"मग कसला लावू? माझ्या शब्दावर कोण नेतं?" तिचा आवाज चढला. "तू एकेका माशाला दीड दीड महिना शिंपला भरवत बसतेस. फोन मला येतात. लोक विचारतात, शिव्या देतात, दुसरीकडे जातात, ते मी ऐकते. त्यातले निम्मे घरी जाऊन शिकतातच खायला."

"आणि निम्मे?"

ती गुडघा चोळत राहिली.

"विकलेस ते विकलेस," मी म्हणाले. "मेला म्हणून का सांगितलंस मला?"

"तू सोडलाच नसतास त्याला. जाऊ दे म्हटलं असतं तर शेड डोक्यावर घेतली असतीस."

"सहाही मासे विकलेस?"

"सहाही."

"व्हर्ना, मी रोज सकाळी हात धरून बघत होते. मी मरीबाला विचारून ठेवलंय. मला वाटत होतं माझा हात गेला."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

ती एवढं हळू म्हणाली, की वाटलं तिलाच ते ऐकू यायला नको होतं. मी तिच्याकडे बघत राहिले. लहानपणी जेलीफिश लागली तेव्हा मला पाठीवर घेऊन किनाऱ्यापासून घरापर्यंत धावलेली ही बाई. माझा नवरा पळाला तेव्हा माझ्या अंथरुणात येऊन झोपलेली. तिने मला खुळ्यात काढलं याचं दुःख नव्हतं. मी रोज खचत होते ते तिने रोज बघितलं, आणि वर केक आणून दिला, ते मला सहन होईना. गिऱ्हाइकांना फसवलं ते धंद्यात बसतं असं ती म्हणू शकली असती. मला कोणत्या धंद्यात बसवलं होतं तिने?

"तुझ्याशी मी नंतर बोलेन," मी म्हणाले. "आता मला काम आहे."

ओहोटी नव्हती. तरी धक्क्यावर गेले, कंबरभर पाण्यात उतरून शिंपले काढले. बंदरात मगरीची पाटी लावलेली आहे, माझ्याकडे बघून एक नाववाला ओरडलाही. मी त्याला हात केला.

जज्जसाहेब टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, नळीला अंग टेकून उभा होता. उघडलेला शिंपला समोर ठेवला आणि फडक्याच्या फटीतून बघत बसले. पहिला दिवस गेला, त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन थांबला, नाकावरून बघितलं, गेला. मी शिंपला जरा तिरका केला. पुन्हा आला. आणि टिपला. एक बारीकसा तुकडा, लेकराने वरणभात उष्टावावा एवढासा. मग दुसरा.

त्यानंतर मात्र मला पायऱ्या चढायला वेळच नव्हता. एवढ्या वाळलेल्या पाठीचा मासा वाट बघत नाही. शिंपल्यासोबत ठेचलेला जवळा मी लगेच दिला. खाल्ला. मी म्हणाले, "साहेब, आता एवढं ऐका." आणि जवळ्याचा एक कण नळीने पाण्यात सोडला, नुसता, शिंपल्याशिवाय. तो तरंगत त्याच्या समोरून गेला. जज्जसाहेब वळला, त्याच्या मागे गेला, अंतर राखून थांबला, आणि मग पुढे होऊन उचलला.

मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. माझा हात गेला नव्हता. गेलाच नव्हता कधी.

दोन दिवस खात होता तो. तिसऱ्या दिवशी सकाळी तळाशी आडवा होता. पोटात जवळा दिसत होता, पण अंगात काही उरलंच नव्हतं. उपास लांबला की असं होतं, खायला लागतात आणि जातात. ते मला माहीत होतं. तरी मी आशा केली होती.

व्हर्ना आली तेव्हा मी त्याला पांढऱ्या ताटलीत ठेवला होता.

"ये इकडे," मी म्हणाले.

"नको ग्लेन. मला नाही बघवणार."

"मागच्या वेळी मला बघायला नको म्हणून तू त्रास घेतलास ना? या वेळी तू बघ."

ती आली. तिने बघितलं. हात पुढे केला, माझ्या दंडाला लावायला असेल, मी दंड बाजूला घेतला. इतक्या वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं. मग मी सगळ्या टाक्यांवरून फिरले, निळे चिमटे काढले आणि माझ्या कपड्यांच्या दोरीवर नेऊन लावले, जिथे चिमटे लावतात. व्हर्नाला म्हणाले, "मासे मी सांभाळीन. बाबांची शेड आहे, मासे उपाशी ठेवणार नाही. पण खातो की नाही हे यापुढे मला विचारायचं नाही. आणि माझं नाव घेऊन कुणाला सांगायचं नाही."

"धंदा बसेल."

"बसू दे."

मरीबाला कळवलं, येत नाही.

सांतेंना फोन केला. आधी त्यांनी विचारलं, "जेवला का?" मी म्हणाले, "जेवला. शेवटी जेवला." पलीकडे त्यांनी फोनवर हात ठेवून बायकोला काहीतरी सांगितलेलं ऐकू आलं. मग म्हणाले, "तिला बरं वाटलं." त्यानंतर मी बाकीचं सांगितलं, व्हर्नाचंसुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "माझा भाऊ आहे एक. आम्ही बोलत नाही." आणि मग: "दुसरा मासा द्याल का? तुम्ही निवडून."

"देईन. पण माझ्या सांगण्यावर नाही. इथे यायचं, बसायचं, स्वतः बघायचं."

म्हणून ते आता शनिवारी येतात. बरोबर डबा असतो, भरलेली वांगी नाही तर मांसाचे गोळे, आणि मी नको म्हटलं तर बायको रागावेल म्हणतात. दुधाचं प्लास्टिकचं क्रेट उलटं टाकून कॉपरबँडच्या टाकीसमोर बसतात. या शनिवारी मी फडकं बाजूला केलं आणि नळीने जवळा सोडला, नुसता, पाण्यात. मासा आला, थांबला, उचलला. पुन्हा सोडला, पुन्हा उचलला.

सांतेंनी मासा बघितला आणि मग माझ्याकडे वळले.

"दिसतंय ना तुम्हाला?" मी म्हणाले.

"दिसतंय. पण तुम्ही एकदा म्हणा."

मी म्हणणारही होते कदाचित. त्यांच्या बायकोसाठी म्हणाले असते. तेवढ्यात ऑफिसात फोन वाजला, आणि पत्र्याच्या भिंतीतून व्हर्नाचा तो गोड आवाज आला, "हो हो, खातो ना. आमच्या ग्लेनिसने स्वतः बघितलंय."

"व्हर्ना," मी बसल्या जागेवरून म्हणाले, फोनमध्ये जाईल एवढ्या आवाजात, "मी काही बघितलेलं नाही."

 भिंतीपलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. सांतेंनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि मला काही विचारलं नाही. मी दुसरं क्रेट ओढलं, उलटं केलं आणि त्यांच्या शेजारी बसले. मासा खात होता. आम्ही दोघं बघत राहिलो.